पाकट बसलं

बोटीवर चढण्याआधी तन्मय शिंत्रेने चपला काढल्या आणि वाळूत शेजारी शेजारी नीट लावून ठेवल्या. रेश्मा खवणेकरने हे पुष्कळदा पाहिलं होतं. मजेसाठी डायव्हिंगला येणारी माणसं चपला कुठेही भिरकावतात. तपासणीला येणारी माणसं देवळाबाहेर काढाव्यात तशा काढतात.

"बोटीत घेतल्या तरी चालतील," ती म्हणाली.

"राहू देत. परत इथंच येणार ना?"

"इथंच. आणि नाही आलात तर मी वापरीन," बोटीवरून भूषण म्हणाला. "आठ नंबर ना? मला बरोबर बसतील."

तन्मय हसला. भूषण हा रेश्माचा थोरला भाऊ. पाण्याला घाबरलेल्या माणसाला हसवायचं काम त्याचं, आणि ते तो सतरा वर्षं करत होता. तन्मयची बायको केतकी मात्र हसली नाही. ती बोटीच्या सावलीच्या बाजूला जाऊन बसली आणि पदरात बांधून आणलेली आवळासुपारी तिने तोंडात टाकली.

"तुम्ही खाली येणार नाही?" रेश्माने विचारलं.

"मला चालायचं नाही. तिसरा लागलाय," केतकी हळू आवाजात म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हणूनच तर आलोय."

घोडखडप ही मालवणच्या समुद्रातली पाण्याखालची खडकांची रांग किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर होती. वाटेत तन्मयने न विचारता सगळं सांगितलं. इचलकरंजीला तो यंत्रमागांच्या कापडाच्या नक्ष्या करायचा. वय एकतीस. वडील शेहेचाळिसाव्या वर्षी गेले. आधी जेवताना हातातून चमचा पडायला लागला, मग शर्टाची बटणं लागेनात, शेवटी श्वास घ्यायला छातीत बळ उरलं नाही. आत्याही तशीच गेली. रक्ताच्या तपासण्यांत या रोगाची माहीत असलेली एकही खूण सापडली नव्हती, आणि डॉक्टर म्हणाले होते, खूण सापडली नाही याचा अर्थ रोग नाही असा होत नाही. मूल ठेवायचं की नाही हे दोघांना ठरवायचं होतं, आणि ठरवायला हातात काही नव्हतं. एक घोडखडप सोडून.

पाकट हा चपटा मासा वाळूत अंग पुरून बसतो. त्याचे डोळे वरच्या बाजूला आणि तोंड खाली, त्यामुळे तोंडापुढचा घास त्याला दिसत नाही. तरी वाळूखाली वीतभर खोल दडलेला खेकडा तो अचूक काढतो. त्याच्या तोंडाभोवतीच्या कातडीत शेकडो बारीक छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रामागे दाट रसाने भरलेली एक नळी. जिवंत प्राण्याचा कुठलाही स्नायू हलला की अगदी क्षीण अशी वीज सुटते. ती खाऱ्या पाण्यातून या नळ्यांपर्यंत पोचते. खेकड्याचं काळीज चालू आहे हे पाकटाला असं कातडीतून कळतं.

डॉ. वसुधा लेले घोडखडपेवर आल्या तेव्हा त्यांना पाकटांची गणती करायची होती, माणसांची नाही. त्यांना दिसलं ते असं, की डायव्हर जवळ आला की पाकटं पळतात, पण काही थोड्या माणसांपासून ती पळत नाहीत. उलट हळूहळू जवळ येतात आणि त्यांच्या अंगावर पसरून बसतात. चार वर्षांत अशी अकरा माणसं निघाली. पुढच्या तीन वर्षांत त्यातल्या नऊ जणांना एकच रोग झाला: स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जाण्याचा. या रोगात हातापायांतली शक्ती जायच्या कितीतरी आधी स्नायूंचे बारीक धागे आपोआप फडफडू लागतात. ते माणसाला जाणवत नाही, आणि दवाखान्यातली सुई नेमक्या त्याच धाग्यात घुसली तरच सापडतं. पाकटाला मात्र ती फडफड ओळखीची असते. जखमी, आयतं सापडणारं भक्ष्य वाळूखाली तसंच तडफडतं.

पुढे सहा पाकटांच्या मानेत चिंचोक्याएवढी यंत्रं बसवली गेली. पाकटाची नस किती पेटली आहे ते ही यंत्रं आवाजाच्या लहरींतून बोटीखालच्या पेटीला कळवत. शंभर तपासण्यांतल्या अठ्ठ्याण्णव बरोबर येऊ लागल्या. २०४१ साली अशी तपासणी होणारी देशातली ही एकच जागा होती.

रोगावर औषध नव्हतंच. तरी माणसं येत होती, आणि पाठवलीही जात होती. लग्नं जुळवताना मुलीकडचे पाकटाचा दाखला मागू लागले. जहाजावर नोकरी देणारे मागू लागले. किनाऱ्यावरच्या गावांत नळावर भांडण लागलं की बायका एकमेकींच्या नवऱ्यांना "तुझ्या घोवावर पाकट बसात" असा शाप देऊ लागल्या. ज्याच्यावर पाकट बसलं त्याला 'बसलेलो' म्हणायचे. तो पुढे दोन-तीन वर्षं हिंडता-फिरता असायचा, पण बोलताना लोक त्याच्याबद्दल भूतकाळ वापरायचे.

नऊ मीटर खोलीवर खडपेच्या पायथ्याशी वाळूचा एक मोकळा तुकडा होता. भोवती फांद्यांसारखं वाढलेलं प्रवाळ. बहुतेक सगळं गेल्या तीन उन्हाळ्यांत मरून पांढरं पडलेलं, आणि मेल्यावर सुरीसारखी धार आलेलं. तपासणीची पद्धत ठरलेली होती. माणसाने वाळूत पालथं पडून बारा मिनिटं हलायचं नाही. एका गाइडने त्याचा हात धरून शेजारी पडायचं. दुसऱ्याने तीन मीटर वर तरंगत कॅमेरा चालू ठेवायचा आणि पाकट माणसावर बसलं की मनगटावरचं बटण दाबायचं. पाकटाची नस किती पेटली हे पेटीला कळे, पण ते कुणावर बसलंय हे तिला कळत नसे. ते वरच्या माणसाच्या डोळ्यांनीच ठरे.

शेजारी पडणाऱ्या गाइडमुळे घोटाळा होऊ नये म्हणून गाइडांना बारीक धातूच्या जाळीचे सूट दिले होते. गाइड त्यांना चिलखत म्हणत. चिलखतातला माणूस पाकटाच्या लेखी दगड. रोज सकाळी बोटीवर प्रत्येक चिलखत मीटर लावून तपासलं जाई. त्या दिवशीही भूषणचं आणि रेश्माचं तपासलं होतं, आणि दोन्ही ठीक होती.

तन्मय शहाण्यासारखा पडून राहिला. भूषणने उजव्या हातात त्याचा डावा हात धरला होता, आणि रेश्मा कॅमेरा घेऊन वर तरंगत होती. पाणी गढूळसर होतं, पाच-सहा मीटरपलीकडचं दिसत नव्हतं. सातव्या मिनिटाला भूषणने मोकळा डावा हात वर केला, पंजा आडवा धरला आणि दोन्ही बाजूंना डुलवला.

पाकट आलं, असा त्याचा अर्थ.

शिकवायला आलेल्या बाहेरच्या प्रशिक्षकाने पाकटासाठी वेगळी खूण दिली होती: एका हातावर दुसरा हात पालथा ठेवून कडा हलवायच्या. आडवा पंजा डुलवायचा, तो जगभर 'काहीतरी बिघडलंय' यासाठी. पण घोडखडपेच्या गाइडांचा एक हात कायम कुणीतरी घट्ट धरलेला असे. दोन हातांची खूण करायची कशी? म्हणून सगळ्यांनी ती एका हातावर आणली. पंजा डुलवला की पाकटच दिसतं, असं सगळ्यांचं मत पडलं. बिघाडाची खूण वेगळी हवी हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बिघाड क्वचितच होई, आणि पाकट रोज येई.

रेश्माने अंगठा आणि तर्जनी जुळवून 'कळलं' सांगितलं. भूषणने पुन्हा पंजा डुलवला. तिने पुन्हा 'कळलं' सांगितलं. मग वाळूचा एक तुकडा सुटून यावा तसं मोठं, राखी रंगाचं पाकट गढुळातून आलं. दोघांच्या भोवती एक फेरी घालून ते तन्मय आणि भूषण यांच्या पायांवर आडवं पसरलं आणि कडा वाळूत रुतवून बसलं. शेपटीचा काटा मागे सरळ पडला होता.

रेश्माने बटण दाबलं.

वर आल्यावर बोटीत थांबलेल्या डॉ. लेलेंनी पडद्यावरचे आकडे दोनदा पाहिले. वाईट बातमी सांगताना त्या इकडेतिकडे बघत नसत; तन्मयच्या समोर बसल्या आणि सांगून टाकलं. शंभरात दोघांचं चुकतं हेही सांगितलं. पाकटांना माणूस लक्षात राहतो, म्हणून पुन्हा तपासणी तीन महिन्यांनीच, हेही. केतकीने तीन महिने बोटांवर मोजले आणि मोजणं अर्ध्यात सोडलं. भूषण बोटीच्या टोकाला पाठमोरा बसून चिलखत उतरवत होता. परतीच्या वाटेवर त्याने कुणाला हसवलं नाही.

सोमवारी दुपारी रेश्मा चित्रफितीवर वेळा टिपायला बसली. हे तिचं नेहमीचं काम: पाकट दिसलं तो क्षण, बसलं तो क्षण, उठलं तो क्षण. वहीत तिने पाण्यातच लिहिलं होतं, 'खूण ७ मि. ०५ से.' फीत तिने सात मिनिटांवर आणली. भूषणचा पंजा डुलला. पाकट नव्हतं. ती थांबली. फीत मागे घेऊन पुन्हा पाहिली. पंजा डुलला, दुसऱ्यांदा डुलला, आणि या वेळी डुलवून झाल्यावर त्याच हाताने त्याने मागे, आपल्या डाव्या पोटरीकडे बोट केलं होतं. रेश्मा तेव्हा 'कळलं'ची खूण करत स्वतःच्या मनगटावरच्या बटणाकडे बघत होती. पाकट पडद्यावर आलं ते सात मिनिटं सेहेचाळीस सेकंदांनी.

न दिसलेल्या पाकटाची खूण कुणी करत नाही.

तिने चित्र मोठं केलं. पोटरीवर चिलखताची शिवण वीतभर फाटलेली होती आणि फटीतून कातडी दिसत होती. पाकटाचं धड दोघांवर पसरलं होतं, पण तोंड होतं त्या फटीवर.

भूषण किनाऱ्यावरच्या शेडमध्ये सिलिंडर भरत होता. चिलखत खिळ्याला टांगलेलं होतं. पोटरीची शिवण त्याने जाळ्याच्या दोऱ्याने बारीक, सुबक शिवून टाकली होती.

"दादा, शिवण खय फाटली?"

त्याने कॉम्प्रेसर बंद केला. "खाली उतरताना. मेल्या प्रवाळाक लागली. माका उशिरान कळला."

"माका खाली कित्याक नाय सांगलंस?"

"सांगत होतंय. हात हलवून हलवून सांगत होतंय. तू बटन दाबलंस."

"आणि वर इल्यावर?"

भूषणने हात पुसले. पुसायचं काही राहिलं नव्हतं तरी पुसत राहिला. "वर येयपर्यंत माका दिसला होता ना, खय बसलाहा ता."

तो उठून सिलिंडर ठेवायला गेला, तेव्हा रेश्माने त्याचा डावा पाय पाहिला. चपलेचं टोक दर पावलाला वाळूत किंचित अडकत होतं. किती दिवसांपासून ते तिला माहीत नव्हतं. तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"दोन म्हयने," तिने न विचारताच तो म्हणाला. "मी म्हटलंय, वाताचा असात."

"डॉक्टरांक सांगूक होया."

"सांगूया. सीझन संपान दी. वीस दिवस रवले. एकदा कागदावर इला काय माका कोण पाण्यात सोडतलो? वहिनीक तुझ्या काय सांगू? माझ्या चेडवाक, स्वराक काय सांगू? शाळेत पोरा तिका काय म्हणतली, तुका म्हायत आसा."

"आणि तो इचलकरंजीचो?"

"तेची तीन म्हयन्यान परत तपासणी आसा. तेव्हा कळतलाच तेका. तीन म्हयने तरास होतलो, नंतर पेढे वाटीत."

"तिका दिवस आसत दादा. तिसरो."

भूषणने सिलिंडर रांगेत सरळ उभा केला. मग म्हणाला, "म्हणान काय झाला. कोण असा घायघायत काय करणत नाय." आणि पुन्हा, जरा मऊ आवाजात, "रेशू. माका थोडे दिवस दी."

बारा वर्षांपूर्वी बाई गाइड होणार म्हटल्यावर वाडीतल्या जुन्या माणसांनी शेडमध्ये बैठक बोलावली होती. बायकांना डायव्हिंग झेपत नाही इथपासून ते पाण्याला विटाळ होतो इथपर्यंत सगळं बोलून झालं. भूषण शेवटी उठला आणि म्हणाला होता, पाण्याक बाई-बाप्यो कळत नाय, दम कळता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिला घेऊन पाण्यात उतरला. रेश्मा आज जे काही होती ते त्याच्यामुळे. वीस दिवस ही काही फार मोठी मागणी नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. फीत तिने जमा केली नाही. वहीतली सात-पाचची नोंद खोडून सात-सेहेचाळीस केली.

बुधवारी दुपारी केतकीचा फोन आला.

"ताई, कामात आहात का? एकच विचारायचं होतं."

"विचारा ना."

"डॉक्टरीण बाईंना काय, आकडे दिसतात. वर तुम्ही होतात. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत." केतकी श्वास घ्यायला थांबली. मागे कुठेतरी माग खडखडत होते. "ते नक्की ह्यांच्यावरच बसलं होतं ना?"

रेश्मा शेडच्या दारात उभी होती. भूषण पाण्यात कमरेपर्यंत उभा राहून दोन कॉलेजच्या मुलींना मास्कवर थुंकायला शिकवत होता. थुंकलं की काच धुरकटत नाही. त्या शी-शी करत होत्या आणि तो म्हणत होता, "स्वतःचंच आहे, परक्याचं नाही."

"ताई?"

"तुम्ही डॉक्टरांशी बोला," रेश्मा म्हणाली. "मी फक्त बटण दाबते."

"हं," केतकी म्हणाली. "बरोबर आहे तुमचं." आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवशी रेश्मा जेवली नाही. रात्री तिने स्वतःशी हिशेब मांडला, तो केतकीच्या 'हं'पाशीच पुन्हा पुन्हा अडला. त्या एका अक्षरात प्रश्न नव्हता. ठरलेलं होतं. गुरुवारी सकाळपासून ती तन्मयचा फोन लावत राहिली. बंद. केतकीचाही बंद. दुपारी लावला, संध्याकाळी लावला. शुक्रवारी सकाळी आठ वाजता ती फीत घेऊन डॉ. लेलेंच्या खोलीत गेली.

डॉक्टरांनी फीत दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा सात मिनिटं पाचवर थांबवली आणि चष्मा काढला.

"हे तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे."

डॉ. लेलेंनी आवाज चढवला नाही. त्यांनी कागद ओढला आणि सुधारित अहवालाचा मजकूर लिहायला घेतला. "संध्याकाळपर्यंत त्यांना मेल जाईल. तपासणी रद्द, निष्कर्ष नाही, असं. खरं तर शिंत्रेंच्या बाजूने पाकटाने काहीच दाखवलेलं नाही. तोंड सगळा वेळ भूषणकडे होतं. कागद बाजूला ठेवला तर त्यांची तपासणी मी स्वच्छ धरेन." मग लिहिता लिहिता, "भूषणला आजपासून पाण्यात सोडता येणार नाही. तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगतंय."

भूषण बोटीत सिलिंडर चढवत होता. तिने सांगितलं. त्याने खांद्यावरचा सिलिंडर हळूच खाली वाळूत टेकवला, झडप वाळूत जाणार नाही अशी बघून.

"आता तूच चढय," तो म्हणाला, आणि घराकडे चालू लागला. चपलेचं टोक वाळूत रेघ काढत गेलं. हाक मारायची तिला हिंमत झाली नाही.

इचलकरंजीची बस फोंडा घाट चढली तेव्हा तिने पुन्हा एकदा केतकीला फोन लावून पाहिला. बंद. इचलकरंजीला ती चारच्या सुमाराला पोचली. गल्लीत एकाआड एक कारखान्याला कुलूप होतं. उरलेल्यांतून मागांचा आवाज येत होता. शिंत्र्यांचं घर विचारत विचारत सापडलं. दार तन्मयच्या आईने उघडलं. रेश्माने नाव सांगितलं.

"या की आत. लांबनं आलासा." म्हातारीने तिला पाट दिला, पाणी दिलं. तिच्या हाताला तुपाचा आणि डिंकाचा वास होता. "सूनबाई निजलीया. काल दवाखान्यातनं आणली. मी म्हनलं, बाळंतीन न्हाई तर न्हाई, अंगातलं गेलंय तर खायला तसंच घालाय पायजे." तिने पदराने नाक पुसलं. "तन्मय, बघ रं कोन आलंय."

रेश्माच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिने तो खाली ठेवला. बसमध्ये पाच तास तिने वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं.

तन्मय आतून आला. दाढी वाढलेली, पण चेहरा शांत. निर्णय घेऊन झालेल्या माणसाचा असतो तसा.

"ताई, तुम्ही? बसा, बसा. फोन बंद ठेवलाय आम्ही, नातेवाईक फार विचारतात." तो तिच्यासमोर बसला. आई आत गेली. "एका परीने तुमचे आभारच मानायला हवेत. वेळेत कळलं. महिनाभर उशीर झाला असता तर तिला फार जड गेलं असतं."

रेश्माने सांगितलं. शिवण, खूण, सात मिनिटं पाच सेकंद, पोटरी. भावाचं नाव सांगितलं. तो ऐकत असताना स्वतःच्या हातांकडे बघत होता. बोटं मिटली, उघडली.

"म्हणजे मला..."

"पाकट तुमच्यावर बसलंच नाही."

त्याच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं. ते त्याने आणलं नव्हतं, आपोआप येत होतं, आणि पुरतं यायच्या आतच त्याची नजर आतल्या खोलीच्या पडद्याकडे गेली. हसू तिथेच थांबलं. ते मिटवायला त्याला वेळ लागला.

"हळू बोला," तो म्हणाला, जरी ती काहीच बोलत नव्हती. मग पुढे झुकून कुजबुजला, "तिला सांगायचं नाही."

"मेल येणार आहे, संध्याकाळी."

"माझ्या पत्त्यावर ना? पुसून टाकतो."

"आणि तीन महिन्यांनी तपासणी?"

"जाणार नाही. पुन्हा बघायची छाती नाही म्हणेन. आजारीच राहीन मी."

"किती दिवस?"

"राहता येईल तितके." त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "तुम्हाला कळत नाही ताई. ती नको म्हणत होती. मंगळवारी नको म्हणाली, बुधवारी सकाळी नको म्हणाली. मी समजावलं. बाबांचे शेवटचे दिवस सांगून समजावलं. मग दुपारी तिने कुणाला तरी फोन केला, आणि नंतर म्हणाली, चला." तो थांबला. "माझं ऐकून ती गेली. आता मी तिला काय सांगू, की मी धडधाकट आहे?"

रेश्माला तो फोन कुणाला होता ते सांगायचं होतं. एक गप्प बसणं निस्तरायला ती इथवर आली होती, आणि समोरचा माणूस हात जोडून दुसरं मागत होता. भूषणनेही असंच मागितलं होतं. त्यालाही तसंच कारण होतं, खरं आणि पटणारं.

पडदा बाजूला झाला. केतकी भिंतीला धरून उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेला, ओठ पांढरे.

"कोण बोलतंय म्हटलं," ती म्हणाली. "ताई, तुम्ही होय."

"सहज आल्यात," तन्मय उठत म्हणाला. "इकडे काम होतं त्यांचं. तू उठू नकोस, चल, आत चल."

केतकी हलली नाही. तिने रेश्माच्या पायांकडे पाहिलं. घोट्यांपर्यंत मालवणची वाळू वाळून चिकटली होती, सकाळपासून धुतलेली नव्हती. मग तन्मयकडे पाहिलं आणि पुन्हा रेश्माकडे.

"एवढं लांबून कुणी सहज येत नाही," ती म्हणाली. "काय झालंय?"

तन्मय रेश्माकडे बघत होता. रेश्मा उठली. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं. तिने पहिल्यापासून सांगितलं, तन्मयला सांगितलं त्याच क्रमाने, आणि तन्मयला सांगितलं नव्हतं तेही. आतून कढईत उलथनं फिरवल्याचा आवाज येत होता, तो थांबला. म्हातारी दारात येऊन उभी राहिली होती.

केतकी रडली नाही. ती भिंतीला धरून धरून टेबलापाशी गेली. तिथे तन्मयचे नक्षी काढायचे चौकटींचे कागद होते, अर्धे रंगवलेले. तिने खालचा एक कोरा कागद ओढून काढला, त्याच्यावर पेन ठेवलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"लिहून द्या," ती म्हणाली. "तुमच्या हाताने. तारीख-वार घालून."

"केतकी, कशाला आता," तन्मय म्हणाला.

"तुम्ही थांबा."

रेश्मा बसली. चौकटीच्या कागदावर अक्षर सरळ येत होतं. रविवार: बटण मी दाबलं. सोमवार: फीत पाहिली, भूषण खवणेकर याच्यावर पाकट बसल्याचं मला कळलं, वहीतली वेळ मी बदलली. शुक्रवार: डॉक्टरांना सांगितलं. तिने खाली सही केली आणि कागद पुढे सरकवला.

केतकीने तो वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा रेश्मासमोर ठेवला आणि सोमवार आणि शुक्रवार यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"बुधवारचंही लिहा," ती म्हणाली.